गिलच्या कॅमेऱ्यामागे : वेरूळ, अजिंठा, अन्वा, लोणार

बुधवार : संभाजीनगर, तयारी

कार्यक्रम साधा आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८६० च्या दशकात काढलेल्या फोटोंच्या प्रती हातात घ्यायच्या, कॅमेरा नेमका कुठे उभा होता ती जागा शोधायची आणि तिथून आज काय दिसतं ते ताडून बघायचं. बुधवारी निघण्याचं कारणही साधं : वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. गुरुवार वेरूळला, शुक्रवार-शनिवार अजिंठ्याला दिला की दोन्ही सुट्ट्या चुकतात.

गिल मद्रास सैन्यातले अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या नकला करायला ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १८४४ मध्ये नेमलं. त्यांच्या बऱ्याचशा मोठ्या नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. त्यांच्या हाती कॅमेरा आला तो १८५६ च्या सुमारास. १८६४ मध्ये त्यांच्या स्टिरिओ फोटोंची (शेजारी-शेजारी दोन चित्रं, दर्शकातून बघितली की खोली दिसते) दोन पुस्तकं लंडनला निघाली : एकात ७४ फोटो, दुसऱ्यात १००. मजकूर वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याचा. ही काही एकट्या गिलची हौस नव्हती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५५ मध्ये तर कंपनीने कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर-बदामीकडच्या इमारती टिपायला पगारी फोटोग्राफर म्हणून पाठवलं. चित्रकारापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि भरवशाचा, हा त्यामागचा हिशेब. स्वस्तपणाबद्दल वाद नाही. भरवसा मात्र तपासून घ्यावा लागतो, आणि पुढचे दिवस त्यातच जाणार आहेत.

सामान थोडं आहे. स्टिरिओ जोडीतला एकेक फोटो ए-फोर मॅट कागदावर छापलेला, कारण चकचकीत कागद उन्हात वाचता येत नाही. पेन्सिल, पट्टी, टेप, होकायंत्र आणि एकच फोकल लेंग्थ असलेली लेन्स. पुरातत्त्व खात्याच्या जागी परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू देत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याच्या खालच्या स्क्रूला एक दोरी बांधायची, दोरीचं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. हात बराच स्थिर राहतो. दोरीला १.२, १.४ आणि १.६ मीटरवर गाठी मारल्या की लेन्सची उंचीही लगेच नोंदता येते.

अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला एक ओली प्लेट (काचेवर रसायनांचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच फोटो घ्यायचा, ही गिलच्या काळातली रीत) करायची असल्याने रसायनांची वेगळी पेटी घेतली आहे. काचेवर थर देण्याच्या चिकट द्रावणाची, म्हणजे तयार कोलोडियनची बाटली थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशवीसोबत. कोलोडियनमध्ये इथर असतं, ते ३४.६ अंशांना उकळतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बूच उडायला तेवढं पुरतं. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, त्यामुळे खोलीत उदबत्तीसुद्धा नको.

पाण्याची परीक्षा आजच उरकली. चहाचा चमचाभर पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या १० टक्के द्रावणाचा एक थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं तर त्यात क्षार आहेत, म्हणजे ते चांदीच्या बाथला (थर दिलेली काच बुडवायच्या सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाला) निकामी. हॉटेलच्या नळाचं पाणी ताकासारखं झालं, बाटलीबंद पाणी धुरकटलं. गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणी स्वच्छ राहिलं. दोन कॅन तेच घेतलं.

गुरुवार : वेरूळ

कैलास पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन हवं असेल तर दुपारनंतर यावं. पण आम्हाला हवा होता जुन्या फोटोतला उजेड, आणि तो शोधायला सावली वाचावी लागते. वेरूळ साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याचा तिसरा आठवडा ते जुलैचा तिसरा आठवडा सोडला तर मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरअखेर त्याची उंची जेमतेम साडेसेहेचाळीस अंश, म्हणजे १०० फुटी भिंतीची सावली सुमारे ९५ फूट पडते. कैलासाचा खड्डा २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, मागच्या बाजूला १०७ फूट खोल. हिवाळ्यात दक्षिणेकडचं अंगण दिवसभर काळोखात राहतं आणि उत्तरेकडच्या भिंतीवर उजेड पडतो. जुन्या फोटोत दक्षिण अंगणाच्या फरशीवर ऊन दिसलं तर तो हिवाळ्यातला नाही, एवढं तरी छातीठोकपणे सांगता येतं.

कॅमेऱ्याची जागा शोधायची रीत अशी. फोटोत जवळची एक कड आणि तिच्या बरोबर मागे येणारी दूरची एक खूण निवडायची. इथे ध्वजस्तंभाची कड आणि मागच्या विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, एका थराचं टोक. ती जोडी जुळेपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरकायचं. मग चौकटीच्या दुसऱ्या टोकाला अशीच दुसरी जोडी घ्यायची. पहिली रेषा आणि दुसरी रेषा जिथे छेदतात तिथे कॅमेरा होता. उंचीसाठी तिसरी जोडी लागते : पुढच्या कठड्याची वरची कड मागच्या कोणत्या थराला टेकते ते बघायचं. ही रीत फार बारकाईने काम करते. जवळची कड ६ मीटरवर आणि मागची खूण ३० मीटरवर असेल, तर कॅमेरा १० सेंटिमीटर सरकला की मागची खूण ४० सेंटिमीटर सरकल्यासारखी दिसते. झूम कमीजास्त केल्याने हे जुळत नाही, कारण दृश्यातल्या वस्तूंचं एकमेकांशी नातं लेन्सवर नाही, उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. म्हणून आधी जागा, चौकट नंतर कापून घेता येते.

स्टिरिओ जोडीत मोजमापाचा आणखी एक मोह असतो. दोन लेन्समधलं अंतर ठाऊक असेल तर वस्तू किती लांब आहे हे काढता येईल, असं वाटतं. गणित करून बघावं. समजा दोन लेन्समध्ये ७५ मिलिमीटर अंतर आणि फोकल लेंग्थ १३० मिलिमीटर. १० मीटरवरच्या खांबासाठी दोन चित्रांतला फरक येतो ०.९७ मिलिमीटर, २० मीटरवर ०.४९. कागदी प्रिंटवर ०.१ मिलिमीटर चूक सहज होते, म्हणजे २० मीटरवर चार मीटरची चूक. खोलीचा भास उत्तम, मोजमाप कच्चं. शिवाय त्या काळचा अल्ब्युमिनचा (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला) कागद धुताना ताणला जातो, तो वेगळाच.

जोडी छापताना होणारा घोटाळाही माहीत असावा. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र उलटं पडतं. एकाच काचेवरून सरळ छापलं तर डावं उजवीकडे जातं, म्हणून प्रिंट मधोमध कापून अदलाबदल करून चिकटवावी लागते. ते राहून गेलं तर दर्शकातून बघताना खांब भिंतीत घुसलेले आणि कोनाडे बाहेर आलेले दिसतात. जुन्या कार्डांच्या स्कॅनमध्ये हे अधूनमधून आढळतं. शंका आली तर डाव्या-उजव्याची अदलाबदल करून बघावी.

दुपारी डोंगरकडेच्या वाटेने वर चढलो. कैलासाची नोंद म्हणून वरून घेतलेला फोटो खालच्या दहांपेक्षा जास्त कामाचा, कारण त्यात आखणी कळते. तिथवर तंबू, चांदीचा बाथ, काचा आणि पाणी चढवायचं म्हणजे मात्र माणसं हवीत. एका प्लेटला धुण्यासह दीड-दोन लिटर पाणी लागतं. दहा प्लेटांना एक माणूस फक्त पाण्यासाठी. ही माणसं नोंदीत कुठे येत नाहीत. कधी मापासाठी खांबाजवळ उभी केलेली दिसतात, हललेली असतील तर भुतासारखी.

शुक्रवार : अजिंठा, बाहेरून

फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून शटल बस घ्यावी लागते. आम्ही आधी पलीकडच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला गेलो. वाघोरा नदीचं नालाकृती वळण आणि त्यावर कोरलेली रांग एका नजरेत येते ती इथूनच.

जुन्या फोटोत आकाश कोरं पांढरं असतं. ढग नव्हते असा अर्थ काढू नये. कोलोडियनला निळा आणि जांभळा उजेडच कळतो. निळं आकाश प्लेटवर पार भरून जातं आणि ढग त्यात बुडतात. झाडांची पानं काळी, तांबूस कातळ आहे त्याहून गडद, आणि चुन्याचा गिलावा शिल्लक असेल तिथे झगझगीत पांढरं. नदीला पाणी असेल तर ते दुधासारखं गुळगुळीत, कारण प्लेट दोन-तीन सेकंद उघडी असते.

आता आतल्या रांगेत. आजचा सलग पायरस्ता आणि कठडा नंतरचा आहे. मुळात बहुतेक लेण्यांना नदीतून स्वतंत्र पायऱ्या होत्या. त्यामुळे गिलच्या काही जागा आज हवेत येतात आणि काही कठड्याच्या आत. लेणे क्रमांक १ समोर थांबणं सर्वात मोलाचं. या विहारापुढे खांबांचा दर्शनी मंडप होता. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत त्याचे दोन अर्धवट खांब उभे दिसतात. आज तेही नाहीत. दगडात त्याचा मागमूस जवळजवळ उरलेला नाही, पण फोटो आहे म्हणून मंडप कसा होता यावर निदान बोलता येतं.

दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची. बऱ्याच लेण्यांच्या ओसरीतले खांब विसाव्या शतकात नव्याने उभारले आहेत. रंग मिळताजुळता केलेला असल्याने नजर फसते. जुन्या फोटोच्या प्रतीवर एकेका खांबाला पेन्सिलीने खूण करत गेलं की मूळ कोणते, तुटके कोणते, नंतरचे कोणते याची यादी उभ्या-उभ्या होते. शैलीवरून काळ ठरवणाऱ्या कुणीही हे आधी करावं. सिमेंटच्या खांबावरून वाकाटकांविषयी अनुमान काढण्याची पाळी येऊ नये.

लेणे क्रमांक १६ च्या बाहेरच्या भिंतीवर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या लेखांवरचा निबंध १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. शिलालेखाचा फोटो घ्यायचा तर उजेड भिंतीला घासून यायला हवा. समोरून उजेड आला की अक्षर सपाट. पण घासून येणाऱ्या उजेडातही मेख आहे : उजेडाच्या दिशेशी समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही आणि गायब होते. उजेड डावीकडून आला तर आडव्या रेघा बुजतात, मात्रा-वेलांट्यांचा घोळ होतो. म्हणून एकाच लेखाचे दोन फोटो दोन दिशांनी उजेड घेऊन काढतात, आणि तरीही शाईचा ठसा घेतातच. ठशाला सावली लागत नाही.

संध्याकाळी फर्दापूरला, मुक्कामाच्या मागच्या अंगणात, स्टिरिओ मापाची प्लेट केली. सव्वातीन इंच बाय पावणेसात इंच. हवा ३१ अंश.

काच आधी मऊ भुकटी आणि अल्कोहोलने घासायची; कडाही घासून बोथट करायच्या, नाहीतर थर तिथून सुटतो. तुकतुकीत काचेच्या मध्यावर आठ-दहा मिलिलिटर कोलोडियन ओतायचं, एकेका कोपऱ्याकडे झुकवत चौथ्या कोपऱ्यातून परत बाटलीत निथळायचं आणि निथळताना काच हलवत राहायची, म्हणजे वळ पडत नाहीत. थंडीत अर्धा मिनिट थांबतात, इथे दहा-पंधरा सेकंदांत थर बसतो. कोपऱ्यावर बोट टेकवून बघायचं : ठसा उमटावा, पण चिकटू नये. घाई केली तर बाथमध्ये साय सुटते. उशीर केला तर ज्या बाजूने ओतायला सुरुवात केली ती सुकते आणि तिथे पट्टा कोरा राहतो.

मग चांदीचा बाथ, सुमारे ८ टक्के, तीन मिनिटं. प्लेट वर काढल्यावर द्रावणाचे तेलकट ओघळ दिसले तर अजून बुडवायची. सलग पाणी उतरलं की तयार. हे सगळं नारिंगी कापडाच्या दुहेरी पडद्याआड. कोलोडियनला तांबडा-नारिंगी उजेड कळत नाही म्हणून डोळ्यांनी बघत काम करता येतं. उद्या चित्रांसमोर हाच आंधळेपणा आडवा येणार आहे.

प्लेटची पाठ पुसून होल्डरमध्ये. होल्डरचे कोपरे कोरडे हवेत, तिथली घाण द्रावणासोबत परत प्लेटवर चढते आणि शिंपल्यासारखे डाग पडतात. उन्हात एफ/१६ ला सुमारे एक सेकंद, ओसरीच्या सावलीत १५ ते ३० सेकंद. आम्ही सावलीतली भिंत घेतली, २० सेकंद.

डेव्हलपर : ३५० मिलिलिटर पाणी, १५ ग्रॅम फेरस सल्फेट, २० मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, २० मिलिलिटर अल्कोहोल. गरम हवेत ॲसिड थोडं वाढवलेलं बरं. ते कमी पडलं की सगळी प्लेट धुरकटते. एका हेलकाव्यात कडेपासून ओतायचं आणि काचेबाहेर सांडू द्यायचं नाही, कारण पृष्ठभागावरची मोकळी चांदीच चित्र दाट करते. पंधरा सेकंद, भरपूर पाणी, मग चित्र पक्कं करायला २० टक्के हायपो. जुने लोक पोटॅशियम सायनाइड वापरत. ते चटकन साफ करतं, पण ॲसिडशी गाठ पडली की विषारी वायू सुटतो; आज त्याच्या वाटेला जायचं कारण नाही. चांदी आणि हायपोचं धुवण कॅनमध्ये भरून परत न्यायचं, अंगणातल्या झाडाला घालायचं नाही.

शनिवार : अजिंठा, आतून

गणित आधी, म्हणजे अपेक्षा ठीक बसतात. लेण्यात मागच्या भिंतीवर पाच लक्स उजेड धरला आणि कोलोडियनचा वेग आजच्या मापात आयएसओ १, तर एफ/८ ला सुमारे ५० मिनिटं लागतात. गरम हवेत ओली प्लेट पाच-सात मिनिटांत सुकायला लागते. म्हणजे प्रकरण तिथेच संपलं. कोरड्या पद्धती होत्या : १८५१ चा मेणकागद, १८५५ ची कोलोडियो-अल्ब्युमिन प्लेट. त्या सुकायची भीती नसते, पण त्यांचा वेग आणखी कमी.

दुसरा उपाय आरशाचा : दारात आरसा धरून ऊन आत फेकायचं. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. आरसा जागचा हलवला नाही तर १५ मीटरवरचा उजेडाचा तुकडा तेवढ्यात २६ सेंटिमीटर सरकतो, म्हणून आरशापाशी सतत एक माणूस. मॅग्नेशियमची तार १८६४ च्या सुमारास बाजारात आली आणि लगेच १८६५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथने ती गीझाच्या पिरॅमिडमध्ये जाळून फोटो घेतले. पण तिचा पांढरा धूर बंद जागेत साचतो, एका जळणानंतर बराच वेळ थांबावं लागतं. चित्रांवर तो धूर बसवणं आज कुणाच्या मनातही येऊ नये.

उजेडाचा प्रश्न सुटला तरी रंगाचा उरतो. अजिंठ्याची रंगपेटी म्हणजे तांबडी आणि पिवळी गेरू, हिरवी माती, पांढरा, काजळ आणि लाजवर्दी निळा. कोलोडियनला तांबडा-पिवळा काळा दिसतो, निळा पांढरा. म्हणजे गेरूत रंगवलेली गव्हाळ अंगकांती काळवंडते, काळ्या केसांत मिसळते, आणि निळ्या जागा रंग उडाल्यासारख्या दिसतात. जुन्या फोटोत चित्राचा एखादा भाग पांढरा दिसला की ‘इथे रंग गेला होता’ असं लिहिण्याआधी तिथे निळा आहे का ते जाऊन बघावं.

हे बघायची सोपी युक्ती आहे. डिजिटल फोटो रॉमध्ये घ्यायचा आणि फक्त निळा चॅनेल काळ्या-पांढऱ्यात उघडायचा. आम्ही लेणे क्रमांक १ आणि २ मध्ये हे केलं, फ्लॅशशिवाय, आयएसओ ६४०० वर. आतले दिवे पिवळसर असल्याने त्यांच्या उजेडात निळा मुळात कमी असतो आणि त्या चॅनेलमध्ये दाणे फार येतात. म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त द्यावा, तांबडा चॅनेल फुटला तरी चालेल. क्रमांक २ च्या छतावर फरक ठळक दिसतो : डोळ्याला गडद असलेली निळी पार्श्वभूमी फिकट होते आणि पिवळी नक्षी काळी. वेळेचं बंधन असतं, गर्दी असते, तेव्हा कोणती भिंत घ्यायची हे बाहेरच ठरवून आत जावं.

रंग करड्या छटांत बरोबर उतरवण्याची सुरुवात १८७३ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ फोगेलने रंगद्रव्याने प्लेट संवेदनशील करण्याची युक्ती शोधल्यावर झाली. तोवर ब्रशला पर्याय नव्हता. म्हणूनच १८७२ नंतर जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सना विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा हाताने नकला कराव्या लागल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्ये जळाल्या. विसाव्या शतकात निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी फोटोंच्या आधारे चार खंड काढले. मात्र त्याआधी, १९२० च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं होतं आणि ते पुढे पिवळं पडलं. त्यामुळे वार्निशपूर्वीचा प्रत्येक फोटो, कितीही रंगांधळा असो, जपण्यालायक.

रविवार : अन्वा

गोळेगावहून आत वळल्यावर अन्व्याचं मढ, म्हणजे जुनं दगडी मंदिर. इथलेही गिलचे फोटो आहेत. काम पटकन झालं, कारण मंदिर मोकळ्यात आहे आणि फिरून जागा शोधता येते. कोरीव खांब उजेडाच्या कडेला आणि मंडपाचा आतला भाग काळोखात, हा कोलोडियनचा नेहमीचा पेच. आतल्यासाठी वेळ दिला तर बाहेरचे खांब भाजून निघतात. त्या काळातल्या प्रिंटमध्ये मंडपाच्या आत निव्वळ काळं दिसलं तर आत काही नव्हतं असं समजू नये. जेवणानंतर भोकरदन, चिखली, मेहकर करत लोणार.

सोमवार : लोणार

सरोवराचं पाणी गंमत म्हणून तपासलं. थेंब पडताच नळीत दह्यासारखा गठ्ठा. खारं आणि वर पीएच १० च्या आसपास. या पाण्यात बाथ तर बिघडेलच, धुतलेली प्लेटही धुरकटेल. काठावरच्या धारेचं पाणी गोडं आहे, तरी नळीत किंचित धूसर झालं. धुवायला चालेल, बाथला नाही.

गावातलं दैत्यसूदन मंदिर पूर्वाभिमुख आहे, सकाळी आठ ते दहा ही वेळ चांगली. गिलच्या फोटोशी ताडताना वरच्या थरांकडे बघावं. पायथ्याशी डागडुजी आणि फरसबंदी झाल्याने तिथल्या खुणा दगा देतात. भिंतीवरच्या आडव्या पट्ट्या सर्वात विश्वासू.

विवर मात्र एका प्लेटमध्ये मावत नाही. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावरून दोन-तीन प्लेटा जोडायच्या तर कॅमेरा लेन्सच्या खालच्या बिंदूभोवती फिरवावा लागतो, नाहीतर जवळची झुडपं जोडावर तुटतात, आणि प्रत्येक प्लेटमध्ये किमान पाचवा हिस्सा समाईक ठेवावा. पाण्याची पातळी जुन्या फोटोवरून काढायची असेल तर चौकटीत काठावरचं एखादं बांधकाम हवं. कमळजा देवीचं मंदिर त्यासाठी सोयीचं. नुसत्या पाण्याच्या रेषेवरून काही ठरत नाही, कारण काठाचा उतार फार कमी आहे आणि हातभर पाणी वाढलं तरी रेषा कितीतरी पुढे सरकते.

परतण्याआधी प्रत्येक फोटोच्या प्रतीमागे लिहिलं : तारीख, वेळ, होकायंत्राचा अंश, दोरीची गाठ, लेन्स, जुळवलेल्या तीन जोड्या आणि जिथे जुळलं नाही तिथे किती अंतराने.